लेकाचे विजय, आईचे दान : त्रिरश्मीवरील एका वाक्याचे वाचन

एक राजा युद्ध जिंकतो, रणभूमीवरील प्रेते पाहतो, त्याचे मन पालटते आणि तो बुद्धाच्या धम्माला शरण जातो. अशोकाची ही कथा आपण शाळकरी वयापासून ऐकत आलो आहोत. कथा म्हणून ती निर्दोष आहे. तिला आरंभ आहे, कलाटणी आहे आणि मनाला शांतवणारा शेवटही आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र नेमका इथेच संशय यायला हवा. माणसाचे मन इतक्या नेटकेपणाने पालटते काय? आणि राजाचे मन पालटले तरी त्याच्या राज्याचे काय होते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नाशिककरांना कलिंगापर्यंत जाण्याचे कारण नाही. शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मीचा डोंगर उभा आहे. त्याच्या कुशीतल्या चोवीस लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांशी त्यांचा संबंध एवढाच, की भिक्षू निघून गेल्यावर त्यांच्या रिकाम्या घरांना कोणाचे तरी नाव द्यायला हवे होते. या लेण्यांच्या भिंतींवर विजेत्या राजांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनी स्वतःविषयी जे कोरून ठेवले आहे, ते अशोकाच्या कथेइतके सुबक नाही. परंतु आम्हांला ते अधिक बोलके वाटते.

आधी अशोकाकडेच एकदा नीट पाहू. त्याच्या तेराव्या शिलालेखात तो सांगतो, की अभिषेकाला आठ वर्षे झाली असताना त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. या आकड्यांपाठोपाठ पश्चात्तापाची कबुली येते. विजय मिळवलेल्या राजाने आपल्याच विजयाचा हिशेब असा उघड्यावर मांडावा, याला जगाच्या इतिहासात फारशी जोड सापडत नाही. पण दोन गोष्टी त्याच दगडावरून वाचाव्या लागतात. एक म्हणजे, पश्चात्ताप झाला तरी कलिंग परत केले गेले नाही. दुसरी म्हणजे, त्याच लेखात अरण्यवासी जमातींना बजावलेले आहे, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य शाबूत आहे. आणखी एक गोष्ट दगडावर नाही म्हणून महत्त्वाची : हा तेरावा लेख खुद्द कलिंगातील धौली आणि जौगड येथे कोरलेला नाही. ज्यांच्यावर घाव झाला, त्यांना ती कबुली ऐकवली गेली नाही. त्यांच्यासाठी तिथे दोन वेगळे लेख कोरण्यात आले. आठवा लेख मात्र आपल्याकडे पोचला होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात त्याचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली मिळाला. शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रा सोडून राजा धम्मयात्रेला निघाला, हा त्या आठव्या लेखाचा विषय. सोपारा हे कोकणातील बंदर, आणि घाट चढून त्या बंदरातील माल ज्या मुलखात येई तो मुलूख म्हणजे नाशिक, त्या काळचा गोवर्धन आहार.

त्रिरश्मीवरील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक, आजच्या क्रमांकाने एकोणिसावे, सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या कारकीर्दीत कोरले गेले. लेख अगदी त्रोटक आहे. कण्ह राजा असताना नाशिक येथील श्रमणांच्या महामात्राने हे लेणे करविले, एवढेच तो सांगतो. 'महामात्र' या शब्दापाशी थोडे थांबावे. अशोकाने धम्माच्या कामासाठी धम्ममहामात्र नेमले होते. मौर्यांचे राज्य लयाला गेल्यावर दख्खनेत दुसरे घराणे उभे राहिले, तरी श्रमणांकडे पाहणारा अधिकारी आणि त्याचे पदनाम टिकून राहिले. राजाचे मन त्याच्याबरोबर जाते, त्याने निर्माण केलेली पदे आणि शब्द मागे उरतात. पुढील सारे विवेचन या एका वाक्याचाच विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

यानंतर शक येतात. क्षहरात घराण्यातील नहपानाने गुजरात-माळव्यापासून नाशिक-पुण्यापर्यंतचा मुलूख ताब्यात घेतला. त्याचा जावई उषवदात, दिनीकाचा पुत्र, याचे लेख दहाव्या लेण्यात आहेत. त्यांतील मुख्य लेख म्हणजे दानांची लांबलचक यादी. तीन लाख गायी, देवाब्राह्मणांना सोळा गावे, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना भोजन. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा. पारदा, दमण, तापी, डहाणूका अशा नद्यांवर फुकट तरी. हे सारे तृतीयपुरुषी, कचेरीच्या दप्तरासारख्या भाषेत चालले असताना मध्येच सूर बदलतो आणि लेख प्रथमपुरुषात बोलू लागतो. स्वामींच्या आज्ञेवरून आपण पावसाळ्यात मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला गेलो, आपल्या गर्जनेनेच मालय पळाले, नंतर पुष्कराला जाऊन आपण स्नान केले आणि तीन हजार गायी व एक गाव दान दिले, असे तो सांगतो. दानाच्या यादीत अंगातला सेनापती असा अचानक डोके वर काढतो. त्याच्यापाशी युद्ध आणि पुण्य यांत कसलाही ताण नाही. मोहीम संपली की स्नान, स्नान झाले की दान.

ह्याच उषवदाताने भिक्षूंसाठी केलेली आर्थिक व्यवस्था मात्र डोळे उघडणारी आहे. बेचाळिसाव्या वर्षीच्या लेखानुसार त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना दरशेकडा एक, एक हजारावर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही. फक्त व्याज खर्चायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, असा हिशेब बरोबर जुळतो. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवण्यात आला आणि फलकावर नोंदवण्यात आला. राजवंशांच्या घोषणांपेक्षा कोष्ट्यांच्या हिशेबावर भिक्षूंची वस्त्रे अवलंबून होती, हे विसरू नये.

मग युद्ध झाले. सातवाहन कुळातील गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि क्षहरातांचे राज्य संपवले. या पराभवाचा सर्वांत ठळक पुरावा नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी १९०६ साली हाती आला. तेथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले चिन्ह आणि नाव पुन्हा ठोकले होते. नाणी वितळवून नवी पाडली नाहीत. जुन्यावरच शिक्का मारला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर खालून नहपानाचा चेहरा डोकावतो आणि त्याच्या गालाकपाळावर विजेत्याची टेकडी उमटलेली दिसते. जिंकलेल्याच्या अंगावर विजेत्याने लिहिलेला हा लेखच म्हणायचा.

त्रिरश्मीवरही तेच घडले, फक्त शिक्क्याच्या जागी दानपत्र आले. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातील आज्ञा आहे. ती सेनेच्या विजयी तळावरून निघाली आहे आणि गोवर्धनातील विष्णुपालित या अमात्याला उद्देशून आहे. पश्चिम काखडी गावातील जे दोनशे निवर्तनांचे शेत पूर्वी उषवदाताच्या उपभोगात होते, ते त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना द्यावे. त्या शेतात राजपुरुषांनी पाऊल टाकू नये, मिठासाठी ते खणू नये, त्याला कोणताही उपसर्ग पोचू देऊ नये. त्याच वर्षी कार्ल्याच्या भिक्षूंनाही, उषवदाताने पूर्वी दिलेले गाव नव्या राजाने पुन्हा दिले. तळावरील तलवारींचे रक्त वाळले नसेल, अशा वेळी विजेत्याला भिक्षूंच्या शेताची आठवण व्हावी, याला आपण काय म्हणणार? मनःपरिवर्तन?

आम्ही तसे म्हणणार नाही. जिंकलेल्या मुलखात जुन्या दात्याच्या जागी आपले नाव घालणे ही राज्यकर्त्याची गरज असते. सोपाऱ्याहून वर येणारे घाटरस्ते, त्यांवरील लेणी आणि व्यापारी श्रेणी यांचा घनिष्ठ संबंध होता, याकडे दा. ध. कोसंबींनी अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. भिक्षुसंघाचा आशीर्वाद म्हणजे एका परीने त्या सबंध मार्गाची मान्यता. शिवाय गौतमीपुत्र बौद्ध झाला असे कोणताही लेख म्हणत नाही. उलट त्याची प्रशस्ती त्याला एकमेव ब्राह्मण म्हणून गौरवते.

परंतु एवढे म्हणून प्रश्न मिटत नाही. चोविसाव्या वर्षी त्याच भिंतीवर आणखी एक आज्ञा कोरली गेली आणि ती आम्हांला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. ही आज्ञा एकट्या राजाची नाही. ती राजाची आणि त्याच्या राजमातेची आहे. गोवर्धनातील अमात्य श्यामक याला कळवले आहे, की काखडी गावात पूर्वी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या खाजगी शेतातून शंभर निवर्तने त्या भिक्षूंना द्यावीत.

या चार ओळींत किती काही आहे! विजयाच्या तळावरून मोठ्या थाटाने दिलेले दान सहा वर्षांनी पडीक निघाले. ज्या मुलखावरून सैन्ये गेली, तिथल्या एका गावात माणूस उरला नव्हता. कोरलेल्या दानपत्रावर पोट भरत नाही, हे कोणीतरी राजाच्या कानावर घातले असणार. आणि ही दुरुस्ती होत असताना पहिल्यांदा राजमातेचे पद लेखात येते. कलिंगच्या लाख-दीड लाखांसमोर एक ओसाड गाव ही फार लहान गोष्ट. पण आपले दान फुकट गेल्याचे मान्य करून ते स्वतःच्या जमिनीतून भरून देणारी राजाज्ञा ही लहान गोष्ट नव्हे. पश्चात्ताप हा शब्द इथे कुठेही नाही. त्याची कृती मात्र आहे, शंभर निवर्तनांपुरती.

आता आपण मुख्य लेखाकडे येऊ. गौतमीपुत्राचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातील तेराव्या दिवशी, तिसरे लेणे भद्रायणीय भिक्षुसंघाला अर्पण करण्यात आले. दाती होती गौतमी बलश्री, गौतमीपुत्राची आई. लेण्याच्या व्हरांड्यातील भिंतीवर तिचा प्रदीर्घ प्राकृत लेख आहे. एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो संपादून प्रसिद्ध केला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवरील आपल्या ग्रंथातून तो मराठी वाचकांपर्यंत आणला. त्यावेळी मुलगा हयात नव्हता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रा. गो. भांडारकरांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते पिता-पुत्र एकाच काळात राज्य करीत होते. असो.

हा लेख इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ वाचला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो व्याकरणासाठी वाचावा, अशी आमची विनंती आहे. त्यात गौतमीपुत्राचे गुणवर्णन ओळीमागून ओळी चालते. तो असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंतीचा राजा. विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र या पर्वतांचा स्वामी. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, शक-यवन-पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला. पण या साऱ्या विशेषणांची विभक्ती कोणती आहे? षष्ठी. राजाच्या नावासह ही सर्व पदे 'चा-ची-चे' या संबंधाने पुढच्या एका शब्दाला लटकलेली आहेत, आणि तो शब्द आहे 'आई'. म्हणजे वाक्याचा सांगाडा असा : अशा-अशा राजाची आई, महादेवी गौतमी बलश्री, हिने हे लेणे करविले. तीन समुद्र, अकरा पर्वत आणि बुडालेला एक वंश हे सगळे मिळून त्या वाक्यात केवळ तिची ओळख ठरतात. क्रियापद विजयाचे नाही, दानाचे आहे. आणि कर्तेपण लेकाचे नाही, आईचे आहे.

बलश्रीचे स्वतःचे वर्णन त्या मानाने फार थोडे आहे. सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत ती रमलेली. तप, दम, नियम, उपवास यांत तत्पर. राजर्षीच्या पत्नीला शोभेल असे तिचे वागणे. पुढे नातू पुळुमावी आजीच्या सेवेसाठी आणि तिला आनंद व्हावा म्हणून या लेण्याच्या अलंकरणाकरिता एक गाव देतो आणि त्याचे पुण्य पित्याला अर्पण करतो. लाखांची गणती करणारा अशोक तेराव्या लेखाच्या शेवटी आपल्या पुत्रपौत्रांना विनवतो, की त्यांनी नव्या विजयाची हाव धरू नये, आणि विजय मिळवलाच तर क्षमा आणि सौम्य दंड ठेवावा. त्याच्या पुत्रपौत्रांनी ते कितपत ऐकले हा भाग वेगळा. त्रिरश्मीवर मात्र एक आजी, तिचा गेलेला मुलगा आणि नातू एका वाक्यात एकत्र आले आहेत, आणि क्षमा हा शब्द आजीच्या वाट्याला आला आहे.

तो लेकाच्याही वाट्याला यावा असा प्रयत्न लेख करतो, आणि इथेच त्याची शिवण उसवते. क्षहरातांचा वंश निःशेष करणारा हा राजा, त्याच लेखात, अपराध केलेल्या शत्रूचीही प्राणहिंसा न रुचणारा म्हणून वर्णिलेला आहे. ही दोन विशेषणे एकाच माणसाची कशी असतील? प्रशस्ती रचणाऱ्याला विसंगती जाणवली नसेल असे मानणे म्हणजे त्याला अडाणी समजणे होय, आणि ही भाषा अडाणी माणसाची नव्हे.

आमच्या मते बदल झाला आहे तो इथे. तो राजाच्या काळजात झाला की नाही, हे दगड सांगू शकत नाही. पण स्तुतीच्या भाषेत तो निश्चित झालेला आहे. अशोकानंतर तीनहून अधिक शतकांनी दख्खनेतील एका विजेत्याची थोरवी सांगताना केवळ 'याने शत्रू मारले' एवढे पुरेसे राहिले नाही. पौरजनांच्या सुखदुःखात तो समभागी होता, कर धर्माला धरूनच घेत होता, अभय देता देता त्याचा हात ओला झाला होता, आणि त्याला हिंसा रुचत नव्हती, हेही सांगावे लागले. खोटे असेल तरी सांगावे लागले. एखाद्या समाजाला काय स्तुत्य वाटते हे बदलले, की राज्यकर्त्याला निदान तसे दिसण्याची सक्ती होते. दांभिकता ही वाईटच. पण दंभ ज्या मूल्याचा आव आणतो, त्या मूल्याचे ऋण तो जाहीरपणे मान्य करतो. दगडावर कोरलेले ऋण पुढची माणसे वसूल करू शकतात.

इथे एक गोष्ट झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या याच लेखात गौतमीपुत्राचा एक गौरव असाही आहे, की त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. अहिंसेचा शब्द उसना घेता आला, दान देता आले; वर्णाची चौकट मात्र जशीच्या तशी राहिली, नव्हे ती राखल्याचे श्रेय घेतले गेले. राजाने धम्माला जवळ करण्याची मर्यादा इथे स्पष्ट दिसते. वरून खाली येणारे परिवर्तन वरच्याला सोयीचे असते तिथपर्यंतच येते.

म्हणून या नाशिक जिल्ह्याचा आणखी एक प्रसंग या लेखाशेजारी ठेवून वाचावा असे वाटते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे तो चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दिवस निवडला होता परंपरेने अशोकाशी जोडलेल्या विजयादशमीचा. या माणसांपाशी जिंकलेला मुलूख नव्हता, दान द्यायला निवर्तने नव्हती, प्रशस्ती लिहायला दरबारी नव्हता. ज्या वर्णव्यवस्थेच्या रक्षणाचा गौरव त्रिरश्मीवर कोरलेला आहे, तिच्याच खाली ती भरडली गेली होती. अशोकाने सोडलेला शब्द अखेर त्यांनी वसूल केला.

साहित्याच्या वर्गात आपण पात्राच्या हृदयपरिवर्तनाविषयी पुष्कळ बोलतो. त्रिरश्मीचा लेख आपल्याला वेगळा प्रश्न विचारायला शिकवतो : वाक्यात कर्ता कोण आहे? विजेत्याचे नाव कोणत्या विभक्तीत आहे? पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन पायऱ्या चढाल तेव्हा तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात थोडा वेळ थांबा. अक्षरे उंचावर आहेत आणि काही झिजली आहेत. तिथे एक म्हातारी बाई आपल्या लेकाची सगळी युद्धे एकामागून एक सांगते, आणि वाक्य संपवताना ती सारी बाजूला ठेवून भिक्षूंना घर देते.